दहा रुपयांचं गुप्तधन

मेटल डिटेक्टर म्हटलं की मुंबईकराचे हात आपोआप वर जातात. मॉलच्या दारात, सिद्धिविनायकाच्या रांगेत, नाट्यगृहाच्या फाटकाशी आपण या यंत्राला सवयीने अंग देतो. स्टेशनांवरच्या चौकटी तर दिवसभर पिंगपिंग करत राहतात आणि गर्दी त्यांच्या बाजूने वाहत जाते, कोणी मान वळवून बघत नाही. हेच यंत्र हातात धरून माणूस हौसेने हिंडू शकतो, त्याच्यावर संध्याकाळ घालवू शकतो, हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "काही सापडलं का?"

खरी गोम त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. जमिनीत काही असेल तर ते धनच असणार आणि धन म्हणजे तोळे-मासे, ही आपली समजूत. हंड्यावर बसलेला नाग, पायाळू माणूस, अमावस्येची रात्र असा सगळा पसारा त्या एका प्रश्नामागे उभा असतो. हा पसारा नुसता गमतीचाही नाही. गुप्तधनापायी होणाऱ्या अघोरी प्रकारांची महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळी दखल घ्यावी लागली. माझं म्हणणं असं की हा हंडा फक्त आपल्या डोक्यात नाही, तो आपल्या कायद्यातही आहे. जमिनीतल्या वस्तूकडे पाहताना आपण तिचं वजन बघतो, ती कुठे पडली होती ते बघत नाही. आणि मोल असतं ते बहुतेक वेळा त्या 'कुठे'चं.

कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणि तांब्याची तार आणून मी एक डिटेक्टर जोडला होता. दोन ऑसिलेटर, एक हेडफोन आणि लाकडी दांड्याला बांधलेलं प्लास्टिकचं ताट. पुढे नोकरी, आठ-बावीसची लोकल, मुलांच्या शाळा यांत तो माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर तयार यंत्र घेतलं आणि छंद पुन्हा सुरू केला. घरच्यांची प्रतिक्रिया सोसायटीतल्यांपेक्षा सौम्य होती, एवढंच इथे सांगतो.

हे यंत्र काम कसं करतं? थाळीतल्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच एक उपकरण घेऊन त्यांच्या खाटेशी गेला होता. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला आणि डॉक्टरांनी शोधायला लावलं तेही चुकीच्या बाजूला.

मुंबईच्या उपनगरांची जमीन ही बेलच्या त्या खाटेसारखीच आहे. खाली बसाल्ट, म्हणजे मुळातच लोह असलेला कातळ. त्याच्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांची भर: सळयांचे तुकडे, बाइंडिंग वायर, पत्रे, खिळे, गंजलेले नळ. मुलुंडच्या एखाद्या बागेत किंवा अंधेरीच्या मैदानात थाळी फिरवा, यंत्र क्षणभरही गप्प बसत नाही. सगळीकडून आवाज म्हणजे कुठूनच खबर नाही. त्यात पालिकेच्या बागेत विनापरवाना खणणं हा गुन्हा आणि कोणाचीही खाजगी जागा म्हटली की मालकाची परवानगी हवीच. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत खणण्याचा विचारही करायचा नाही. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणी संरक्षित स्मारकं आहेत, तिथे यंत्र घेऊन जाणाऱ्याला पोलिसांनी पकडलं तर मी पोलिसांच्या बाजूने उभा राहीन.

उरते ती वाळू. वर्सोवा, जुहू, आक्सा, आणि बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराई, मनोरी. वाळूचा मोठा गुण म्हणजे तिला स्मरण नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा तिला ढवळते, पावसाळ्यातलं उधाण तर हात-दीड हात थर इकडचा तिकडे नेऊन टाकतं. वाळूत सापडलेलं नाणं कालचं असेल, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वीचं. ते कुठल्या थरात होतं या प्रश्नाला तिथे अर्थ नाही, म्हणून ते उचलल्याने इतिहासाचं पानही फाटत नाही.

तिथे मिळतं काय? बहुतेक वेळा बिल्ला. सोडा-बाटलीचा, गंजून पोळीसारखा फुललेला. त्यानंतर गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी. ही पट्टी फार लबाड. सोन्याची बारीक अंगठी आणि ती यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येतात, त्यामुळे पट्ट्या टाळायच्या म्हटलं तर अंगठीही टळते. नाण्यांची तर वेगळीच गंमत. हल्लीची आपली बरीचशी नाणी स्टेनलेस स्टीलची, लोहचुंबकाला चिकटणारी, म्हणून यंत्र त्यांना बरेचदा खिळ्यांच्या पंगतीला बसवतं. लोखंड गाळायचं बटण दाबलं की चालू चलनातली ही नाणीच गळून पडतात. उलट पुलांखाली दोरीला चुंबक बांधून, गाडीतून भाविकांनी टाकलेली नाणी ओढणाऱ्या पोरांचा सगळा धंदा याच स्टीलवर चालतो. तांबं-निकेलच्या जुन्या रुपयावर त्यांची दोरी फुकट गेली असती.

गोराईला एकदा ओहोटीच्या रेषेजवळ स्वच्छ, गोल आवाज आला. कोपरभर खाली फावड्याच्या जाळीत दहा पैशाचं कंगोऱ्याचं नाणं आलं, ॲल्युमिनियमचं. खाऱ्या पाण्याने त्याच्या अंगावर चुन्यासारखी पांढरी पुटं धरली होती, एका बाजूचा कंगोरा पार खाल्लेला, आणि हातात घेतलं तर वजनच लागेना. जवळ उभ्या जीवरक्षक पोराने विचारलं, "काका, चालतं का हे?" चालत नाही म्हटल्यावर त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून गेली, तेव्हा तो शाळेतही नसेल.

धातू शोधणं ही आपल्याकडे परकी हौस आहे, असं समजायचं कारण नाही. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. सोनारांच्या दुकानातली केर-माती, गटारातला गाळ गोळा करायचा, धुवायचा, गाळायचा आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. झारेकऱ्याला काय हवं आहे आणि ते कुठून येतं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. त्याच्या कामात धातूचं वजन हेच सर्वस्व, आणि ते प्रामाणिक आहे, कारण त्या गाळातल्या कणाला दुसरी काही गोष्ट सांगायचीच नसते. घोटाळा होतो तो आपण ही झारेकऱ्याची नजर मातीच्या थरांवर लावतो तेव्हा.

हे पटण्यासाठी दायमाबादकडे बघावं. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी हे गाव. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या स्थानिक माणसाला झुडपाची मुळं खणताना चार ब्राँझ वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. भारतीय पुरातत्त्वात याला तोड नाही. त्यांतल्या काही मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात, आणि अंधेरीहून तिथे जायला तासभर पुरतो. पण या वस्तू किती जुन्या? एस. आर. राव, एस. ए. साळी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळात नेल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या अर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली आणि त्या बऱ्याच अलीकडच्या असू शकतील असं मांडलं. वाद रेंगाळला, कारण वस्तू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याभोवतीची माती कोणी वाचली नव्हती. साळींनी नंतर तिथे रीतसर उत्खनन केलं, पण तो एक खड्डा तोवर होऊन गेला होता. छबू भिल यांचा यात काडीचाही दोष नाही. ते मुळं खणत होते. वस्तू वितळल्या नाहीत, हेच आपलं नशीब.

आता याची दुसरी बाजू, तीही आपल्याच उपनगरातली. के. आर. यू. टॉड हा नौदलातला अधिकारी. पुरातत्त्व हा त्याचा पेशा नव्हता, हौस होती. १९३० च्या दशकात तो कांदिवलीच्या परिसरात हिंडला, दगडी हत्यारं गोळा केली, आणि ती कुठल्या थरात मिळाली, त्या थराच्या वर काय, खाली काय, हे लिहून ठेवलं. १९३९ मध्ये लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्याचा मुंबईच्या पुराश्मयुगावरचा निबंध आला. आज कांदिवलीत ते थर शोधायला गेलात तर इमारतींचे पाये मिळतील. मुंबईतल्या आदिमानवाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातला मोठा भाग एका हौशी माणसाच्या नोंदींवर उभा आहे. आणि या सगळ्या गोष्टीत माझ्या यंत्राला शून्य जागा: दगड वाजत नाही. उपनगरातलं सगळ्यात जुनं जे काही आहे त्यावरून माझी थाळी मुकाट निघून जाईल.

म्हणून 'हौशी विरुद्ध तज्ज्ञ' हा झगडा मला खोटा वाटतो. नोंद ठेवणारा आणि न ठेवणारा असे दोनच गट आहेत, आणि दोन्हींत हौशीही सापडतात, पगारीही.

इंग्लंडमध्ये हे त्यांना उशिरा का होईना उमगलं. तिथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आणि १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम अशी दुहेरी रचना आहे. सोन्याचांदीची जुनी वस्तू किंवा नाण्यांचा साठा असेल तर कळवणं सक्तीचं आणि बाजारभावाने मोबदला. बाकी सटरफटर, म्हणजे बक्कल, बटण, सुटं नाणं, स्वखुशीने नोंदवायचं, वस्तू तुमच्याकडेच राहते. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या माणसाला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. हा इस्पितळात स्वयंपाकी. नाणी दिसताच त्याने हात आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना फोन केला. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. ५२,५०३ नाणी निघाली. गंमत म्हणजे उशिराच्या काळातली, कॅरॉसियस या राजाची नाणी बरीचशी मडक्याच्या खालच्या भागात होती. म्हणजे हे मडकं वर्षानुवर्षं थोडंथोडं भरत गेलेली गल्लेपेटी नव्हती, सगळी नाणी बहुधा एकदमच ओतलेली होती. क्रिस्पने ती नाणी बादलीत भरून घरी नेली असती तर नाणी तेवढीच राहिली असती. ही गोष्ट मात्र गेली असती.

आपल्याकडे काय आहे? १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली, काहीही किंमत असलेली वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, ऐवज सरकारी तिजोरीत जमा करायचा नाहीतर जामीन द्यायचा. मग सूचना निघणार, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळणार. कोणी जुना मालक निघाला नाही आणि आधीचा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. न कळवल्यास वाटा जप्त आणि वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १८७८ साली दहा रुपये म्हणजे चांदीचे दहा रुपये, प्रत्येकी तोळाभर वजनाचे. ती रक्कम लहान नव्हती. आज दहा रुपयांत वडापाव येत नाही, पण कायद्यातला आकडा जागचा हललेला नाही. शब्दशः पाळायचं तर जमिनीतून आलेलं प्रत्येक गंजकं शिवराई नाणं घेऊन माणसाने वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत उभं राहायला हवं.

मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. हा कायदा वस्तू कुठे सापडली हे विचारतो, नाही असं नाही. पण विचारतो तो जागामालक कोण हे ठरवायला. आणि सरकारला तो ऐवज स्वतःसाठी हवा असेल तर मोबदला किती द्यायचा? त्यातल्या धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे मोडीचा भाव आणि वर थोडी दक्षिणा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव झाला याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही, आणि तो मिळाला कारण साठा मोठ्या प्रमाणात एकत्र अभ्यासता आला. त्याच साठ्याचं मोल चांदीच्या भावात अधिक वीस टक्के असं मांडून पाहा. हा हिशोब झारेकऱ्याचा आहे आणि तो सरकार करतं.

शिवाय १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू त्याच्या व्याख्येत येते, म्हणजे रेषा दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते आणि पंचम जॉर्जची सुरुवातीची नाणी आता तिच्या आत आली आहेत. हा कायदा आवश्यक आहे, मूर्तीचोरीला आळा घालायला त्याचा उपयोग होतो. पण घराचा पाया खणताना नाणं मिळालेल्या माणसाने नोंद कुठे द्यायची, कोणाला फोटो पाठवायचा, याचा सोपा रस्ता त्यात नाही. परिणाम काय, तर मौन. लोकांना चौकशीचा ससेमिरा नको असतो. ज्याच्या हाती काही लागतं तो देवघरात ठेवतो, नाहीतर सोनाराकडे नेतो. दोन्हीकडे 'कुठे' मरतं.

यावर उत्तर तयार असतं: नोंदणीचा रस्ता खुला केलात तर गुप्तधनवाल्या टोळ्या डिटेक्टर घेऊन किल्ले-गढ्या पोखरतील. भीती रास्त आहे. बातम्यांत हे यंत्र दिसतं ते बहुधा अशाच टोळ्यांच्या मुद्देमालात. इंग्लंडातही रात्रीचे चोर आहेत. म्हणूनच यंत्र घेऊन मातीत खणण्याची मोकळीक मी मागत नाही. वाळू पुरेशी आहे, आणि तिथेही ताजी अंगठी मिळाली तर ती हरवलेल्याची. १८७२ च्या करार कायद्याने सापडणाऱ्याला ती सांभाळण्याची जबाबदारी दिलीच आहे. मी मागतो ती एक खिडकी. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने फोटो, ठिकाण आणि खोली एवढं स्वीकारावं, पोच द्यावी, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर पहिल्या भेटीतच संशय घेऊ नये. टोळीवाला त्या खिडकीशी येणार नाही. येईल तो मुलुंडचा निवृत्त कारकून, एक्सरचा गावकरी, शाळेतली मास्तरीण.

ही माणसं येतात हे आपण पाहिलंय. २०१५ नंतर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या पुढाकाराने साष्टी बेटाचं पायी सर्वेक्षण झालं, विद्यार्थी आणि हौशी मंडळी गावठाणं, कोळीवाडे, पाडे धुंडाळत फिरली. खणलं काहीच नाही. विचारलं. कोणाच्या अंगणात शेंदूर फासलेला मूर्तीचा तुकडा होता, कुठे देऊळ म्हणून पुजला जाणारा गधेगळ, शिलाहारकाळातल्या दानाचा शापदगड. एक्सरचे वीरगळ, ज्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, बोरिवलीत इमारतींच्या मधोमध आजही उभे आहेत. धातू न शोधता, नुसत्या पायांनी आणि प्रश्नांनी एवढं मिळालं.

आणि माझ्यासारख्या थाळीवाल्याची चिंता करताना, त्याच उपनगरात काय चाललंय तेही बघू. घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले, बोरिवली, जिथे जाल तिथे पुनर्विकास. जुनी चार मजली इमारत पाडली की पार्किंगसाठी दोन-तीन मजली तळघर खणलं जातं. मी बोटभर खड्डा केला तर हटकणारे दहा, पण जेसीबीने एका दुपारी दोन हजार वर्षांची माती डंपरमध्ये भरली तर बघायला कोणी नाही. गावठाणालगतच्या, लेण्यांच्या उतारावरच्या, जुन्या तलावांच्या काठच्या भूखंडांपुरती तरी पालिकेच्या आयओडीत, म्हणजे बांधकामाच्या परवानगीपत्रात, एक अट घालता येईल: खोदकामात जुनी विटा-दगडांची बांधणी, खापरं, नाणी दिसली तर काम थांबवून कळवायचं आणि ठरावीक मुदतीत कोणीतरी येऊन पाहायचं. मुदतीत कोणी आलं नाही तर काम पुढे सुरू. परवानग्यांच्या त्या लांबलचक यादीत ही एक ओळ.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे बोललो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "काका, काम दोन दिवस थांबलं तर भाडं कोण देणार?" प्रश्न चुकीचा नाही. पर्यायी घराचं भाडं बिल्डर देतो आणि त्याचा प्रत्येक दिवस शेवटी कोणाच्या तरी खिशातून जातो. पण पावसाने, मजुरांच्या सुट्टीने, सिमेंट न आल्याने काम थांबतं तेव्हा हा प्रश्न कोणी काढत नाही. करारात त्यासाठी आधीच दिवस धरलेले असतात. तेवढेच दोन दिवस मातीसाठी धरायला काय हरकत आहे, असं मी विचारलं. सेक्रेटरींनी मुद्दा टिपून घेतला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो अकरावा आहे, 'आयत्या वेळचे विषय'च्या आधी.